डिझाइन तुमचं, फाइल कोणाची?

जुलै २०२५मध्ये नायरा एनर्जीच्या कर्मचाऱ्यांचे ईमेल बंद पडले. कंपनी भारतीय. मुख्य कार्यालय मुंबईत, गुजरातमध्ये वाडीनारला मोठी रिफायनरी, देशभर हजारो पेट्रोल पंप. मायक्रोसॉफ्टच्या सेवांचे पैसेही भरलेले होते. तरीही सेवा थांबल्या, कारण १८ जुलैला युरोपियन युनियनने रशियाविरुद्ध निर्बंधांचं नवं पॅकेज जाहीर केलं होतं. नायरामध्ये रोसनेफ्ट या रशियन कंपनीचा जवळपास ४९ टक्के हिस्सा आहे, म्हणून त्या यादीत नायराचंही नाव आलं. म्हणजे नियम युरोपचा, सॉफ्टवेअर कंपनी अमेरिकेची आणि ईमेल बंद पडले भारतात. नायरा दिल्ली हायकोर्टात गेली आणि काही दिवसांतच सेवा पुन्हा सुरू झाल्या.

यानंतर देशात 'स्वदेशी सॉफ्टवेअर'ची चर्चा जोरात सुरू झाली. सप्टेंबरमध्ये केंद्रीय आयटी मंत्री अश्विनी वैष्णव यांनी आपण झोहोवर जात असल्याचं सांगितलं, ऑक्टोबरमध्ये गृहमंत्री अमित शहा यांनी झोहो मेल घेतल्याचं जाहीर केलं. तुमच्याही व्हॉट्सॲप ग्रुपवर 'परदेशी ॲप डिलीट करा'चे मेसेज येऊन गेले असतील.

ॲप कोणत्या देशाचं, हा प्रश्न महत्त्वाचा आहेच. पण त्याच्या शेजारी आणखी एक प्रश्न उभा आहे आणि त्याच्याकडे फारसं कोणी बघत नाही. त्या ॲपमध्ये केलेलं काम बाहेर काढून दुसऱ्या ॲपमध्ये नीट उघडता येतं का? येत नसेल, तर ॲप स्वदेशी असो की परदेशी, तुम्ही अडकलेलेच आहात.

मी पुण्यात सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे आणि माझं रोजचं काम याच प्रश्नाभोवती फिरतं. एका डिझाइन सॉफ्टवेअरमध्ये बनलेली फाइल दुसऱ्यात जशीच्या तशी कशी न्यायची, यासाठी आम्ही प्रोग्रॅम लिहितो. ऐकायला कंटाळवाणं वाटतं, मान्य आहे. पण तुमच्या हातातला फोन, त्याचं कव्हर, चार्जर, गाडीचा आरसा, घरातला मिक्सर, सगळं आधी अशाच एका फाइलमध्ये असतं.

अक्षरांची खिचडी आठवते?

युनिकोडच्या आधीचं मराठी डीटीपी ज्यांनी पाहिलंय त्यांना हे लगेच कळेल. श्रीलिपी किंवा शिवाजी फॉन्टमध्ये टाइप केलेली लग्नपत्रिका तो फॉन्ट नसलेल्या कॉम्प्युटरवर उघडली, की स्क्रीनवर इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांची खिचडी दिसायची. मजकूर तोच असायचा, पण 'क' कोणत्या नंबरने साठवायचा हे प्रत्येक फॉन्टवाल्याने आपापलं ठरवलेलं होतं. मग युनिकोड आलं. 'क'ला जगभर एकच नंबर मिळाला. आज तुम्ही शाओमीवरून पाठवलेला मराठी मेसेज समोरच्याच्या आयफोनवर नीट दिसतो, तो यामुळे.

डिझाइनच्या दुनियेत हेच घडलंय, फक्त तिथलं भांडण अजून मिटलेलं नाही. कॅटिया, सॉलिडवर्क्स, सीमेन्स एनएक्स, क्रिओ, इन्व्हेंटर, फ्यूजन. या प्रत्येक सॉफ्टवेअरची स्वतःची फाइल असते आणि ती आतून कशी लिहिली आहे हे ती कंपनीच ठरवते. बरेचदा तर त्याच सॉफ्टवेअरच्या नव्या व्हर्जनमध्ये सेव्ह केलेली फाइल जुन्या व्हर्जनमध्ये उघडत नाही.

यातून किती मोठा घोळ होऊ शकतो, ते एअरबसने पाहिलं. ए-३८० हे दुमजली विमान बनत होतं तेव्हा जर्मनीतल्या हॅम्बर्गची टीम कॅटियाच्या चौथ्या पिढीवर काम करत होती आणि फ्रान्समधल्या तुलूजची टीम पाचव्या पिढीवर. एका विमानात सुमारे ५३० किलोमीटर वायर. हॅम्बर्गहून आलेले वायरचे जुडगे तुलूजमध्ये बसवायला घेतले, तर ते जागेवर पोहोचेनात. वायर वळवताना किती लांबी खर्च होते, एका ठिकाणी झालेला बदल दुसरीकडे कधी आणि कसा पोहोचतो, या गोष्टी दोन्हीकडच्या मॉडेलमध्ये जुळत नव्हत्या. दोष एकट्या फाइलचा नव्हता, व्यवस्थापनाचाही होता. पण विमान सुमारे दोन वर्षं लांबलं. एअरबसच्या मूळ कंपनीने ऑक्टोबर २००६मध्ये सांगितलं, की या उशिरामुळे २०१०पर्यंतच्या नफ्यातून ४८० कोटी युरो जातील. आणि ही दोन्ही सॉफ्टवेअर एकाच कंपनीची होती!

स्टेप: कंटाळवाणा, पण सगळ्यांच्या कामाचा

यावर उतारा शोधण्याचा पहिला मोठा प्रयत्न अमेरिकेत झाला. १९८०मध्ये 'आयजेस' नावाचा फॉरमॅट आला. बोइंग, जनरल इलेक्ट्रिक आणि तिथली सरकारी मापन संस्था यांनी मिळून तो तयार केला होता. तो चालला, पण त्यात मुख्यतः रेषा आणि पृष्ठभाग जायचे. वस्तू म्हणून एकसंध अर्थ बरेचदा हरवायचा.

म्हणून १९८४मध्ये आंतरराष्ट्रीय मानक संस्थेत, म्हणजे आयएसओमध्ये, नवं काम सुरू झालं. पहिले भाग प्रसिद्ध व्हायला १९९४ उजाडलं. या मानकाचा नंबर आयएसओ १०३०३, बोलीतलं नाव 'स्टेप'. तुम्ही कधी थ्रीडी मॉडेल डाउनलोड केलं असेल तर फाइलच्या नावामागे 'एसटीपी' किंवा 'एसटीईपी' पाहिलं असेल. ते हेच.

एक गंमत करून बघा. कुठलीही स्टेप फाइल साध्या नोटपॅडमध्ये उघडा. ती उघडते! पहिल्याच ओळीत मानकाचा नंबर लिहिलेला असतो. खाली हजारो ओळी, प्रत्येकीला क्रमांक. एक ओळ सांगते, 'हा बिंदू आहे, हे त्याचे तीन आकडे.' दुसरी सांगते, 'हा दंडगोल आहे, त्रिज्या ५, आणि याची मधली अक्षरेषा अमुक क्रमांकाच्या ओळीत बघा.' अशा एकमेकींकडे बोट दाखवणाऱ्या ओळींतून पूर्ण इंजिन उभं राहतं. कोणत्या ओळीचा अर्थ काय, हे मानकात लिहिलेलं आहे. त्यामुळे ज्या कंपनीने सॉफ्टवेअर बनवलं ती उद्या बुडाली, तरी फाइल वाचणारा नवा प्रोग्रॅम लिहिता येतो.

विमान कंपन्यांना याचीच गरज असते. विमान तीस-चाळीस वर्षं उडतं, सॉफ्टवेअरचं व्हर्जन दरवर्षी बदलतं. म्हणून बोइंग, एअरबस वगैरे कंपन्यांनी 'लोटार' नावाचा प्रकल्प चालवलाय. डिझाइन अनेक दशकांनंतरही वाचता यावं यासाठी ते कसं साठवायचं, याचे नियम त्यात आहेत आणि ते स्टेपवर आधारलेले आहेत.

तुमच्या-माझ्या जवळचं उदाहरण हवं असेल तर फेब्रुवारी २०२२मध्ये व्हॉल्व्ह कंपनीने आपल्या स्टीम डेक या हातात धरून खेळायच्या गेमिंग कॉम्प्युटरच्या बाहेरच्या कवचाच्या फाइल्स सगळ्यांसाठी खुल्या केल्या. त्यात स्टेप फाइलही होती. ती घेऊन जगात कोणीही, कोणत्याही सॉफ्टवेअरमध्ये, त्या यंत्राचं कव्हर किंवा स्टँड डिझाइन करू शकतो. माप घ्यायला यंत्र हातात असण्याचीही गरज नाही.

पुरणपोळी, तिची रेसिपी आणि तिचा फोटो

मग प्रश्न सुटला का? नाही. कारण समजण्यासाठी जरा स्वयंपाकघरात जाऊ.

सॉफ्टवेअरची स्वतःची मूळ फाइल म्हणजे पुरणपोळीची रेसिपी. डाळ किती, गूळ किती, काय कधी घातलं, सगळं क्रमाने लिहिलेलं. आधी चौकोन काढला, मग तो वीस मिलिमीटर उंच केला, मग त्यात भोक पाडलं, मग कडा गोल केल्या. उद्या वीसच्या जागी पंचवीस टाकलं, की पुढचं सगळं आपोआप बदलतं.

स्टेप फाइल म्हणजे ताटात वाढलेली पोळी. अगदी खरी, अचूक. मोजता येते, कापता येते. पण 'गूळ जरा कमी करून द्या' म्हणालात तर काय करणार? कोणत्या पायऱ्यांनी बनली हे तिच्यात नसतं. मानकात या पायऱ्यांसाठीही जागा केलेली आहे, पण रोज वापरातली सॉफ्टवेअर ती जवळपास वापरतच नाहीत.

आणि थ्रीडी प्रिंटिंगवाल्यांची लाडकी एसटीएल फाइल म्हणजे पोळीचा फोटो. त्यात फक्त त्रिकोण असतात. गोल भोकसुद्धा छोट्या-छोट्या सरळ तुकड्यांचं. आकडा २५ लिहिला असेल तर तो मिलिमीटर की इंच, हेही त्या फाइलला माहीत नसतं. प्रिंट काढायला ठीक, पण त्यावरून बेअरिंग बसेल असा बोअर मारायला जाऊ नका.

आता यातली मेख बघा. पोळी खुली, रेसिपी बंद. प्रत्येक कंपनी स्टेप एक्सपोर्ट देते, कारण ग्राहक मागतात. पण डिझाइन पुढे बदलत राहायचं असेल तर तुम्हाला तिच्याकडेच परत यावं लागतं. सॉफ्टवेअर कंपन्यांची पकड आहे ती इथे.

शिवाय पोळी एका ताटातून दुसऱ्या ताटात जातानाही कधीकधी तुटते. माझा निम्मा दिवस यातच जातो. दोन पृष्ठभागांच्या मध्ये मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढी फट असेल तर एक सॉफ्टवेअर म्हणतं 'चालेल, जोडलेलंच आहे', दुसरं म्हणतं 'नाही, हे उघडं आहे'. मग भरीव वस्तू तिथे पोकळ कातडी होऊन उघडते. समोरचा माणूस दोन तास बसून फटी शिवतो. १९९९मध्ये अमेरिकेच्या एनआयएसटी या सरकारी संस्थेने करवून घेतलेल्या अभ्यासात असा अंदाज निघाला होता, की डिझाइनचा डेटा नीट न गेल्यामुळे तिथल्या वाहन उद्योगाच्या पुरवठा साखळीचं वर्षाला किमान १०० कोटी डॉलरचं नुकसान होतं. त्यातला मोठा भाग म्हणजे हेच: बिघडलेली फाइल दुरुस्त करणं किंवा सगळं पुन्हा काढणं.

भोसरीतल्या शॉपमध्ये काय होतं?

पुण्याजवळ भोसरी-चाकणला किंवा कोल्हापूरजवळ शिरोलीला छोट्या शॉपमध्ये जाऊन बघा. दोन-तीन सीएनसी, एखादं व्हीएमसी, कोपऱ्यात कॉम्प्युटर. मोठी कंपनी जॉब पाठवते तेव्हा अनेकदा दोन गोष्टी येतात: स्टेप फाइल आणि पीडीएफ ड्रॉइंग. आकार स्टेपमधून घ्यायचा, टॉलरन्स ड्रॉइंगवरून वाचायचा. म्हणजे भोक २० मिलिमीटरचं हे मॉडेल सांगतं, पण ते २०.०२पर्यंत चालेल की नाही हे कागद सांगतो.

दोन जागी माहिती ठेवली की दोघांत फरक पडायला वेळ लागत नाही. ड्रॉइंग नव्या रिव्हिजनचं आणि स्टेप जुन्या रिव्हिजनची, अशी जोडी आली की मालक सांगतो 'मॉडेलप्रमाणे मारलं', ग्राहक म्हणतो 'ड्रॉइंग बघायचं होतं'. रिजेक्ट झालेल्या मालाचं बिल बहुतेक वेळा छोट्याच्याच अंगावर येतं.

यावर मानकातच उपाय आहे. आधी विमानवाल्यांचा एक स्टेप होता, एपी २०३, आणि गाडीवाल्यांचा दुसरा, एपी २१४. २०१४मध्ये दोन्ही एकत्र करून एपी २४२ आला. त्यात टॉलरन्स, पृष्ठभागाची फिनिश, सूचना, सगळं मॉडेललाच चिकटवून पाठवता येतं, तेही कॉम्प्युटरला समजेल अशा रीतीने. म्हणजे तपासणीचं मशीन थेट मॉडेल वाचून कुठे मोजायचं ते ठरवू शकतं. मानक येऊन दहा वर्षांहून जास्त काळ झाला, तरी छोट्या शॉपपर्यंत अजून आकार आणि कागद वेगवेगळेच पोहोचतात. मोठ्याने पाठवल्याशिवाय छोटा वापरणार कसा, आणि छोट्याकडे ते वाचणारं सॉफ्टवेअर नसेल तर मोठा पाठवणार कशाला?

बंदी आली तर मानक वाचवतं का?

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे येऊ. सॉफ्टवेअरचं बटण कोणी बंद केलं, तर स्टेप उपयोगी पडतो का?

रशियाचं उदाहरण समोर आहे. २०२२मध्ये युक्रेनवर हल्ला झाल्यावर ऑटोडेस्क, सीमेन्स, पीटीसी अशा कंपन्यांनी तिथला व्यवसाय थांबवला. डिसेंबर २०२३मध्ये युरोपियन युनियनने आपल्या बाराव्या पॅकेजमध्ये औद्योगिक डिझाइन आणि उत्पादनाची सॉफ्टवेअर रशियाचं सरकार आणि तिथल्या कंपन्यांना द्यायलाच मनाई केली. रशियाकडे स्वतःचं कॅड सॉफ्टवेअर आहे, कोम्पास नावाचं, आणि त्याचं भूमितीचं इंजिनही त्यांचंच. तरीसुद्धा वर्षानुवर्षं दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये केलेलं काम तिथे न्यायचं म्हटलं, की स्टेपमधून पोळी जाते आणि रेसिपी मागेच राहते. स्वदेशी सॉफ्टवेअर असणं आणि जुनं काम त्यात नेता येणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

चीनचं उदाहरण फोनवाल्यांना जास्त जवळचं. २२ मे २०२५ला शाओमीने स्वतः डिझाइन केलेली ३ नॅनोमीटरची एक्सरिंग ओ-१ ही चिप आणली. त्यानंतर आठवड्याभरातच बातमी आली, की अमेरिकेने सिनॉप्सिस, केडन्स आणि सीमेन्स या कंपन्यांना चिप डिझाइनची सॉफ्टवेअर चीनला विकण्यावर बंधन घातलंय. जुलैच्या सुरुवातीला, दोन्ही देशांच्या व्यापार वाटाघाटींनंतर, ते उठलं. पण जवळपास महिनाभर सगळ्यांचा श्वास अडकला होता.

आता हे बघा. चिपचा अंतिम नकाशा कारखान्याला ज्या फाइलमध्ये देतात तो जीडीएस-टू फॉरमॅट सत्तरच्या दशकापासूनचा आहे आणि सगळ्यांना वाचता येतो. म्हणजे तिथे फाइलची भाषा समान होतीच. तरीही बंदी लागली की काम थांबतंच, कारण अब्जावधी ट्रान्झिस्टरचा नकाशा तयार करणारं आणि तपासणारं सॉफ्टवेअर दुसरं कोणाकडे त्या तोडीचं नाही.

म्हणून मानकाकडून किती अपेक्षा ठेवायची हे स्पष्ट असलेलं बरं. मानक तुमचं कालचं काम वाचवतं. उद्याचं काम करायला सॉफ्टवेअर आणि ते लिहिणारी माणसं लागतातच. पण कालचं कामच गेलं, तर उद्याची सुरुवात शून्यापासून होते. स्वदेशीच्या चर्चेत ही बाजू हवी. नव्या भारतीय सॉफ्टवेअरला टाळ्या वाजवताना पहिला प्रश्न असा विचारा, की यातून माझी फाइल खुल्या मानकात बाहेर पडते का आणि किती बाहेर पडते.

बटण छोट्यांसाठीही बंद होतं

'आपल्यावर कोण निर्बंध घालणार?' असं वाटत असेल तर २०२० आठवा. ऑटोडेस्कचं फ्यूजन ३६० घरगुती वापरासाठी मोफत मिळायचं. थ्रीडी प्रिंटिंगवाले, विद्यार्थी, छंद म्हणून वस्तू बनवणारे, सगळे त्यावर. सप्टेंबर २०२०मध्ये कंपनीने जाहीर केलं, की १ ऑक्टोबरपासून मोफत व्हर्जनमधल्या बऱ्याच सोयी जाणार. त्या यादीत स्टेप एक्सपोर्टही होता. म्हणजे डिझाइन तुम्ही केलेलं, पण खुल्या फॉरमॅटमध्ये घरी न्यायचं तर पैसे भरा. लोक प्रचंड भडकले आणि कंपनीने स्टेप एक्सपोर्ट पुन्हा ठेवला. बाकीच्या बऱ्याच कपाती तशाच राहिल्या. कंपनीने काही बेकायदेशीर केलं नव्हतं, मोफत दिलेलं कमी करायचा तिला हक्क होता. पण लोक नेमके कोणत्या गोष्टीवर अडून बसले ते बघा. त्यांना बाहेर पडायचं दार उघडं हवं होतं.

हे दार यापुढे आणखी महत्त्वाचं होणार. युरोपने फोनसाठी यूएसबी-सी सक्तीचं केलं ते डिसेंबर २०२४पासून, आणि तो बदल आपल्या चार्जरपर्यंत आला. तसाच पुढचा नियम बॅटरीचा आहे. १८ फेब्रुवारी २०२७पासून युरोपात विकल्या जाणाऱ्या इलेक्ट्रिक गाड्यांच्या बॅटऱ्या, ई-बाइक आणि स्कूटरच्या बॅटऱ्या आणि २ किलोवॅट-तासांपेक्षा मोठ्या औद्योगिक बॅटऱ्या यांना 'डिजिटल पासपोर्ट' लागणार. क्यूआर कोड स्कॅन केला की बॅटरीची माहिती दिसली पाहिजे, आणि ती खुल्या मानकांवर आधारलेली, एका सिस्टीममधून दुसऱ्या सिस्टीममध्ये जाऊ शकणारी हवी, असं कायद्यातच लिहिलंय. तो स्टेप नव्हे, पण विचार तोच. म्हणजे महाराष्ट्रातल्या एखाद्या कारखान्याला युरोपात बॅटरी विकायची असेल, तर वस्तूसोबत तिचा डेटाही 'एक्सपोर्ट क्वालिटी'चा लागेल.

तर मग करायचं काय?

इंजिनिअरिंगला किंवा आयटीआयला असाल, घरी थ्रीडी प्रिंटर असेल, किंवा घरचं शॉप असेल, तर या पाच गोष्टी आजपासून करता येतील.

१. महत्त्वाचं डिझाइन नेहमी दोनदा सेव्ह करा. एक सॉफ्टवेअरच्या मूळ फाइलमध्ये, एक स्टेपमध्ये. फक्त एसटीएल ठेवून मूळ फाइल डिलीट करू नका.

२. एक्सपोर्ट करताना पर्याय विचारला तर एपी २४२ निवडा. समोरच्याचं सॉफ्टवेअर जुनं असेल तर एपी २१४ चालेल.

३. फाइल पाठवण्याआधी ती दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये उघडून बघा. फ्रीकॅड मोफत आहे, मुक्त स्रोत आहे, आणि नोव्हेंबर २०२४मध्ये त्याचं १.० व्हर्जन आलं. दोन्हीकडे वस्तूचं घनफळ जुळलं तर निम्मी काळजी मिटली.

४. क्लाउडवरचं सॉफ्टवेअर वापरत असाल तर सबस्क्रिप्शन संपल्यावर फाइल उघडते का, मोफत प्लॅनमध्ये कोणते एक्सपोर्ट मिळतात, हे आधी वाचा. नंतर वाचून उपयोग नाही.

५. जॉब घेताना ऑर्डरवर एक ओळ लिहून घ्या: मॉडेल आणि ड्रॉइंगमध्ये फरक आढळला तर काय ग्राह्य धरायचं, आणि दोघांचा रिव्हिजन नंबर काय.

रेसिपी वाचवायची असेल तर एक साधा उपाय आहे, जो कोणतंही सॉफ्टवेअर करून देत नाही. मुख्य मापं, ती तशी का ठेवली, कोणता बदल कधी केला, हे एका साध्या मजकुराच्या फाइलमध्ये लिहून स्टेपसोबत ठेवा. पाच वर्षांनी तुमच्याच उपयोगी पडेल.

कॉलेजांकडूनही एक अपेक्षा आहे. मी शिकलो तिथे कॅडच्या प्रॅक्टिकलला कोणतं बटण कुठे आहे ते पाठ करून घ्यायचे. 'सेव्ह ॲज'च्या यादीत खाली इतके पर्याय का आहेत, हे कोणी सांगितलं नाही. एका लेक्चरचं काम आहे.

आणि सरकारकडून? स्वदेशी ॲप वापरा हे सांगणं सोपं आहे, त्याचा फोटोही चांगला येतो. त्यापेक्षा सरकारी पैशातून होणाऱ्या प्रत्येक डिझाइनच्या करारात एक अट घाला: काम संपल्यावर पूर्ण डिझाइन खुल्या आंतरराष्ट्रीय मानकात, टॉलरन्ससकट, सरकारकडे जमा करायचं. मग तो पूल असो, पंप असो की मेट्रोचा सुटा भाग. दुसरं म्हणजे मानकाच्या कागदपत्रांची सोय. स्टेप खुला आहे, पण त्याची अधिकृत कागदपत्रं आयएसओकडून विकतच घ्यावी लागतात, आणि भाग इतके आहेत की विद्यार्थ्याच्या खिशाला ते झेपणारं नाही. इंजिनिअरिंग कॉलेजांच्या लायब्ररीत ती उपलब्ध करून दिली, तर उद्या भारतीय कॅड सॉफ्टवेअर लिहिणारी मुलं त्यातूनच तयार होतील.

तोपर्यंत तुमच्या लॅपटॉपवर जे शेवटचं डिझाइन आहे, ते उघडा आणि स्टेपमध्ये एकदा एक्सपोर्ट करून बघा. तो पर्याय तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये दिसतच नसेल, तर पुढचं डिझाइन त्यात सुरू करण्याआधी दुसरं सॉफ्टवेअर शोधा.